बारा फोटो, दोन फॉर्म

मे 2018 मध्ये बारावी सायन्सचा निकाल लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रावपुऱ्यातल्या एका स्टुडिओतून पासपोर्ट साइजचे बारा फोटो आणले. आईला वाटलं, इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला लागतात. लागणारच होते, पण सहा. उरलेले सहा मी जुन्या ॲटलासमध्ये दडवले. ते फाइन आर्ट्सच्या फॉर्मला लावायचे होते आणि त्या फॉर्मबद्दल घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. फोटोत माझा चेहरा कोणीतरी चोरी करताना पकडल्यासारखा आलाय. खोटं बोलायची सवय नव्हती, दुसरं काय.

आमचं घर दांडिया बाजारात. जुन्या वाड्यातल्या तीन खोल्या, खाली अप्पाकाकांचं बिऱ्हाड. आजी इंदूरची, आई बडोद्याचीच, बाबाही इथलेच. शाळा गुजराती माध्यमाची, घर मराठी. त्यामुळे लिहिताना मध्येच गुजराती डोकावलं तर सांभाळून घ्या, बडोद्याच्या मराठीला तो वास असायचाच.

बाबा केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर होते. मी चौथीत असताना त्यांचा पहिला कारखाना बंद पडला. चौदा महिने ते घरी होते. मला आठवतं ते एवढंच, की त्या वर्षी दुपारी शाळेतून आले की बाबा घरात असायचे आणि मला त्याचा फार आनंद व्हायचा. आईनं त्या वर्षी दोन बांगड्या मोडल्या, हे मला मोठी झाल्यावर कळलं. मग त्यांना नंदेसरीच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी, तीन पाळ्या, आणि पहाटे कंपनीची बस.

मला बारावीला 68 टक्के मिळाले. गुजसेटमध्ये 120 पैकी 52. गुजसेट म्हणजे गुजरातची सीईटी. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे चाळीस-चाळीस प्रश्न, आणि चुकलं की पाव गुण वजा. मी बरेच अंदाजे ठोकले होते, त्याची किंमत चुकती झाली. एवढ्या गुणांवर आमच्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या केमिकलला नंबर लागणं शक्य नव्हतं. लागला तर शहराबाहेरच्या एखाद्या खासगी कॉलेजात. बाबांनी तेही स्वीकारलं होतं. "केमिकल घे. बडोद्यात केमिकलवाला उपाशी मरत नाही," असं ते म्हणायचे.

यावर मी जे बोलले ते इथे लिहायलाही नको वाटतं. ॲटलासमधले फोटो आईला सापडले त्या रात्रीची गोष्ट. बाबा रात्रपाळीला निघायच्या तयारीत होते, डबा हातात. मी म्हणाले, "तुमची केमिकलची नोकरी तरी कुठे टिकली?"

बाबांनी डबा खाली ठेवला. झाकण नीट बसलंय का ते पाहिलं, बसलेलंच होतं, परत उचलला आणि गेले. आई काही बोलली नाही. आजीनं मात्र माझ्याकडे पाठ करून गादी घातली. आमच्या घरात याहून मोठी शिक्षा नव्हती.

पुढचा आठवडाभर घरात नातेवाइकांची वर्दळ होती. मे महिना, सुट्ट्या, आणि बारावीचा निकाल हा सगळ्यांच्याच मालकीचा विषय. आश्चर्य म्हणजे बहुतेक जण माझ्या बाजूने बोलले. आत्या म्हणाली, "अरे दादा, घेऊ दे ना चित्रकला. मुलगी आहे, काय हरकत आहे? तिच्या पगारावर घर थोडंच चालवायचंय?" मामा म्हणाले, "मुलगा असता तर मीही नको म्हटलं असतं." शेजारच्या एक काकी तर म्हणाल्या, की चित्रकला शिकलेली सून घरात शोभते.

मी खूश झाले. सतराव्या वर्षी बाजूने पडलेलं मत मोजायचं, त्याचं कारण नाही. घरात विरोध करणारे एकटे बाबाच उरले. ते प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचे: "तिचा पगार मी धरलाय." माझा अजून नसलेला पगार त्यांनी हिशेबात धरला होता. सगळ्या गोतावळ्यात तेवढ्या एका माणसाला वाटत होतं, की ही कमावणार आहे आणि ते महत्त्वाचं आहे. हे मला तेव्हा अजिबात दिसलं नाही. मला ते फक्त आडमुठे वाटले.

अप्पाकाकांना मध्ये घातलं ते आजीनं. अप्पाकाका रावपुऱ्यात दोन-तीन दुकानांचं नामुं लिहायचे. नामुं म्हणजे जमाखर्च. बडोद्यातल्या मराठी माणसालाही इथे हिशेबनीस न म्हणता नामुं लिहिणारा म्हणतात. ते वर आले, चहा घेतला, आणि मी माझं हुकमाचं पान काढलं, भूपेन खख्खर. जन्म मुंबईचा, 1934 चा. चार्टर्ड अकाउंटंट झालेला माणूस 1962 साली बडोद्याला येतो, फाइन आर्ट्समध्ये कलासमीक्षा शिकतो आणि पुढे इथेच राहून चित्रकार होतो. 1984 ला पद्मश्री. 2016 ला लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन. मी म्हणाले, "बघा, सी.ए. असून सगळं सोडून चित्रांकडे आले."

"सोडून?" अप्पाकाका म्हणाले. "कोणी सांगितलं सोडून? इथल्या एका कारखान्यात पार्टटाइम अकाउंट्स बघायचे ते. आधी सी.ए. झाले, मग चित्रं."

बघा, माणूस एकच. मी त्यांना माझा साक्षीदार म्हणून उभं केलं होतं आणि अप्पाकाकांनी त्यांना उचलून बाबांच्या बाजूला बसवलं. इतका वेळ गप्प बसलेले बाबा म्हणाले, "पार्टटाइम म्हणजे किती वाजता सुटायचे?"

कोणालाच माहीत नव्हतं. पण बाबांनी असा प्रश्न विचारला याचा अर्थ त्यांच्या डोक्यात काहीतरी सुरू झालं होतं, हे आजीच्या लगेच लक्षात आलं. तिनं तेवढ्यात आपलंही घोडं दामटलं. फाइन आर्ट्स 1950 ला सुरू झालं तेव्हा चित्रकला विभागाचे पहिले प्रमुख कोण? ना. श्री. बेंद्रे. आणि बेंद्रे कुठले? इंदूरचे. हा तिचा अखेरचा आणि बिनतोड मुद्दा होता. इंदूरचा माणूस जिथे प्रमुख होता ती जागा वाईट असूच शकत नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पाकाका वही घेऊन आले. लाल पुठ्ठ्याची, उभी, व्यापारी वापरतात तसली. मध्ये रेघ मारून डावीकडे केमिकल लिहिलं, उजवीकडे फाइन आर्ट्स. मला वाटलं आता डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च होणार. झालं उलटं.

खासगी कॉलेजची फी, बस, पुस्तकं धरून वर्षाला साधारण सत्त्याऐंशी हजार. चार वर्षांचे साडेतीन लाख. तेवढे घरात नव्हते, म्हणजे एज्युकेशन लोन. अप्पाकाकांना त्याचे नियम पाठ होते. चार लाखांपर्यंत तेव्हा तारण लागत नव्हतं. कोर्स संपल्यावर वर्षभर हप्ता सुरू होत नाही. "पण व्याज सुरूच राहतं," ते म्हणाले, "तेच लोक विसरतात." साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षं व्याज धरलं तर हप्ता सुरू व्हायच्या दिवशी कर्ज पावणेपाच लाखांच्या वर. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला आठ हजार. त्यांनी आठच्या खाली दोन रेघा मारल्या.

मग बाबांना विचारलं, "तुझ्या प्लांटला नवा इंजिनीअर किती वर लागतो?"

बाबांनी जरा वेळ घेतला. "पंधरा. एखादा चांगला असला तर अठरा."

"ही मुलं कुठल्या कॉलेजातून येतात?"

"असल्याच."

उजवीकडे ग्रँटच्या, म्हणजे सरकारी अनुदानाच्या, जागेची फी त्यामानाने किरकोळ निघाली. सामानाचा खर्च कोणालाच माहीत नव्हता, तिथे अप्पाकाकांनी प्रश्नचिन्ह काढलं. कर्ज शून्य. आणि पुढच्या कमाईच्या रकान्यात त्यांनी पेन्सिलनं दोन ओळी आखल्या: 'येणं, नक्की' आणि 'येणं, बिनभरवशाचं'. पहिल्यासमोर रिकामं. दुसऱ्यासमोरही रिकामंच.

मी जिंकले असं मला वाटलं. बाबा मात्र त्या रिकाम्या जागेकडे बघत होते. "हे भरायचं कसं?" ते म्हणाले. मला वाटतं सगळ्या प्रकरणात हा एकच खरा प्रश्न होता, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. मी म्हणाले, शाळेत ड्रॉइंग शिकवीन. बाबा म्हणाले, लिही. अप्पाकाकांनी पेन्सिलनं लिहिलं, पेनानं नाही.

ठरलं असं: दोन्ही फॉर्म भरायचे. इंजिनीअरिंगसाठी हेल्प सेंटरला जाऊन कागदपत्रं तपासून घ्यायची, कॉलेजांची पसंतीयादीही भरायची, आणि फाइन आर्ट्सची परीक्षाही द्यायची. जे आधी मिळेल ते नाही, दोन्ही समोर आल्यावर बोलायचं. सहा आणि सहा फोटो. आई म्हणाली, "म्हणजे बरोब्बर पुरले."

पसंतीयादी भरताना बाबा बाजूला बसले होते. प्रत्येक कॉलेजचं नाव आलं की ते बसचा रस्ता सांगायचे, कुठे फाटक लागतं, पावसात कुठे पाणी भरतं. त्यांना ही सगळी कॉलेजं रस्त्यांवरून माहीत होती. मला त्यातलं एकही नाव वेगळं काढता येत नव्हतं. मी वरून खाली क्लिक करत गेले.

फाइन आर्ट्सच्या परीक्षेच्या दिवशी बाबांनीच स्कूटरवर सोडलं. कोठी, काळा घोडा, मग पुढे पुष्पबाग. रात्रपाळी करून आले होते, डोळे लाल. मी म्हटलं घरी जाऊन झोपा. नाही गेले. दिवसभर बाहेर झाडाखाली, चहाच्या किटलीपाशी. आत आम्हाला वस्तू मांडून रेखाटन होतं, मातीकाम होतं, आठवणीतून चित्र होतं. मातीकामात मी बनवलेला हात बटाट्याच्या गड्ड्यासारखा झाला, ते जाऊ दे. आठवणीच्या चित्रात मला प्रवासाचा प्रसंग काढायचा होता. आजूबाजूला सगळ्यांनी स्टेशन काढायला घेतलं, हमाल, खांब, इंजिन. मी पहिली वीस मिनिटं काहीच काढलं नाही. मग कंपनीची बस काढली. पहाटेची. आतली सगळी माणसं झोपलेली, डोकी काचेला टेकलेली, प्रत्येक डोक्याच्या जागी काचेवर तेलाचा एक गोल डाग. तो डाग मी बाबांच्या बसला खरंच पाहिला होता, लहान असताना त्यांना घ्यायला नाक्यावर जायचे तेव्हा. पेन्सिल आडवी धरून घासला की तो कागदावर हुबेहूब उतरतो. मला वाटतं माझा नंबर लागला असेल तर त्या डागांमुळे, मातीच्या हातामुळे खचित नाही.

बाहेर आले तर बाबांनी पेपर कसा गेला हे विचारलंच नाही. म्हणाले, "तुमच्याकडे आत नायट्रिक वापरतात म्हणे."

चहावाल्यानं सांगितलं होतं. छापाच्या, म्हणजे प्रिंटमेकिंगच्या, विभागातली मुलं बोटं पिवळी करून चहाला येतात, म्हणून त्याला ठाऊक. नायट्रिक ॲसिडनं कातडी पिवळी पडते हे बाबांना सांगायची गरज नव्हती, त्यांची स्वतःची दोन बोटं कित्येकदा पडली होती. घरी येईपर्यंत ते त्याच विषयावर होते: किती तीव्रतेचं वापरतात, धूर कुठे जातो, मास्क देतात का.

मग आला तो वाईट आठवडा. इंजिनीअरिंगची अलॉटमेंट आधी लागली: केमिकल, शहराबाहेरचं खासगी कॉलेज, अमुक तारखेपर्यंत फी भरा नाहीतर जागा गेली. फाइन आर्ट्सची यादी त्या तारखेच्या नंतर लागणार होती. म्हणजे दोन्ही समोर ठेवून बोलू हे ठरलेलंच कोसळलं. मला रात्री झोप नाही. पैसे भरावेत आणि मग फाइन आर्ट्स मिळालं तर परतीसाठी हेलपाटे घालावेत, की जागा सोडावी? आई म्हणाली भरून टाका. मीसुद्धा म्हणाले भरून टाका. हो, मीच. एवढा तमाशा करून ऐनवेळी पाय माझेच लटपटले.

नको म्हणाले ते बाबा. त्यांचं गणित साधं होतं. त्या सुमारास गुजरातमध्ये इंजिनीअरिंगच्या हजारो जागा दर वर्षी रिकाम्या राहत होत्या, पेपरात रोज येत होतं. "माल पडून आहे," बाबा म्हणाले. "शेवटच्या फेरीत हीच कॉलेजं हाक मारून बोलावतील. आज घाईनं घ्यायचं कारण काय?" जी जागा सगळ्यात भरवशाची म्हणून महिनाभर भांडलो, ती कधीही मिळण्यासारखी होती, म्हणून सोडली. तारीख गेली त्या संध्याकाळी आम्ही सगळे सेवउसळ खायला गेलो. बाबांनी तर्री जास्त मागितली आणि रात्रभर त्यांना ॲसिडिटी झाली.

चार दिवसांनी यादी लागली. माझं नाव खालून नववं होतं.

घरापासून कॉलेजला जाताना कधी पायी निघाले तर मी मुद्दाम कलाभवनावरून वळून जायची. आज तिथे इंजिनीअरिंगची फॅकल्टी आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात 1890 मध्ये त्रिभुवनदास गज्जर नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी ते सुरू केलं, तेव्हा तिथे चित्रकला, रंगाई, सुतारकाम, यंत्रकाम असं सगळंच शिकवत. दादासाहेब फाळके तिथे शिकले. याच गज्जरांचं नाव 1907 च्या अलेंबिकच्या स्थापनेतही आहे, म्हणजे बडोद्यातल्या औषधांच्या कारखान्यांच्या मुळाशीसुद्धा. मी हे दुसऱ्या वर्षी लायब्ररीत वाचलं आणि घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पूर्वी एकच फॉर्म भरावा लागत असेल."

कॉलेजची चार वर्षं कशी गेली ते सगळं सांगत नाही, त्यात भांडणं, जागरणं, नवरात्रातला गरबा आणि पुष्कळ कंटाळा आहे. पहिलं वर्ष सगळ्यांना सगळंच करावं लागतं. मी गेले होते पेंटिंगच्या वेडानं, पण अडकले छापाच्या विभागात. झिंकच्या प्लेटवर मेण-डांबराचा पातळ लेप द्यायचा, सुईनं रेघ ओढायची, जिथे रेघ तिथे धातू उघडा, मग प्लेट नायट्रिकच्या पाण्यात. रेघेवर बारीक बुडबुडे धरतात. ते पिसानं हळूच झटकत राहायचं, नाहीतर रेघ दातरी होते. पिसाला जोर नसतो म्हणून पीस. माझी पहिली प्लेट मी बोलण्याच्या नादात जास्त वेळ ठेवली. लेप उखडला, सगळा पत्रा देवीच्या वणासारखा खड्ड्याखड्ड्यांचा. पंधरा दिवसांचं काम गेलं आणि वर झिंकचे पैसे.

सामानाच्या खर्चाचं ते प्रश्नचिन्ह अप्पाकाकांनी काढलं होतं ना, ते फारच लहान काढलं होतं. पत्रा, शाई, चांगला जाड कागद. फी वाचली तिथली बरीचशी बचत कागदानं खाल्ली. दर सहा महिन्यांनी लाल वही उघडायची अशी बाबांची अट होती, आणि त्यांनी ती एकदाही चुकवली नाही. दुसऱ्या वर्षापासून मी रविवारी मुलांचे ड्रॉइंग क्लास घ्यायला लागले, महिन्याला अडीच हजार. अप्पाकाकांनी ते 'नक्की'च्या ओळीत पेनानं लिहिलं. त्या दिवशी बाबांनी पेढे आणले नाहीत वगैरे, पण वही बंद करताना त्यांनी ती दोन्ही हातांनी बंद केली.

नातेवाइकांना आई सांगायची, "डिझायनिंग करते." डिझायनिंग म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. आत्याला तर चार वर्षं वाटत होतं मी साड्यांची डिझाइनं काढते. तिनं एकदा ब्लाउजपीसही पाठवलं.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. कॉलेजचा प्रेस कुलपात. बाबांचा प्लांट औषधांना लागणारा माल करायचा, त्यामुळे ते पास घेऊन कामावर जात होते आणि घरात बसलेली मी. मी लिनोलियमचे तुकडे आणून स्वयंपाकघराच्या फरशीवर छाप घ्यायला लागले. प्रेस नसला की स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं कागद घासायचा, वर्तुळात, एकसारखा जोर देऊन. आजी बाजूला बसून शेंगा सोलायची. चमचा तापतो. तिनं पहिल्यांदा मला चित्रासाठी कष्ट करताना पाहिलं असावं, कारण म्हणाली, "अगंबाई, यात तर घाम येतो!"

2022 ला पास झाले. आज माझं असं आहे: आठवड्यातून तीन दिवस एका शाळेत ड्रॉइंग शिकवते, अकरा हजार. शनिवार-रविवार क्लास, सहा हजारांच्या आसपास. छाप विकले जातात, पण केव्हा ते देवाला ठाऊक. एका महिन्यात अठरा हजारांचे गेले, मग तीन महिने एकही नाही. आत्याचा मुलगा पुण्यात आयटीत आहे, माझ्या तिप्पट कमावतो आणि त्याला त्याचं काम मनापासून आवडतं, त्यामुळे त्याच्यावरून काही सिद्ध करायची सोय नाही. घरात मी महिन्याला पाच हजार देते. आईनं पहिल्यांदा नको म्हटलं. बाबा म्हणाले, "घे. धरलेत मी ते."

ते वाक्य ऐकलं तेव्हा मला ती मे महिन्यातली संध्याकाळ आठवली, आत्या आणि मामा आणि काकी, आणि सगळ्यांचा तो उदार होकार. माझं लग्न होईल, म्हणून मी काय शिकते याला किंमत नव्हती. त्यातून तो होकार आला होता, आणि मी त्याला प्रेम समजून बसले होते. रात्रपाळीच्या त्या वाक्याची माफी मी बाबांकडे मागितली ती त्यानंतर. ते म्हणाले, "कुठलं वाक्य?" त्यांना पक्कं आठवत होतं. माझे बाबा खोटं बोलताना नाक खाजवतात.

2023 मध्ये बाबा रिटायर झाले. त्याच सुमारास मी आणि दोन मैत्रिणींनी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एक छोटा गाळा भाड्यानं घेतला, एक जुना प्रेस हप्त्यानं. बाबा पहिल्या दिवशी बघायला आले. प्रेसकडे त्यांनी पाहिलंही नाही, सरळ ॲसिडच्या कोपऱ्यात गेले. भिंतीला हात लावला, वर खिडकीकडे बघितलं, उदबत्ती मागितली. माझ्या मैत्रिणीला वाटलं पूजा करणार. त्यांनी उदबत्ती पेटवून ट्रेच्या वर धरली आणि धूर कुठे जातो ते बघत राहिले. आमच्या तोंडाकडे येत होता.

पुढच्या आठवड्यात एक्झॉस्ट फॅन ट्रेच्या मागे, खाली बसवला गेला. बाटल्यांवर लाल ऑइलपेंटनं नावं आली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत, गुजरातीत आणि मराठीत: ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडात नाही. आणि एका खिळ्याला सुतळीनं बांधलेलं लॉगबुक. प्लांटला होतं तसंच: तारीख, बॅच, तीव्रता, खोलीचं तापमान, आत टाकल्याची वेळ, बाहेर काढल्याची वेळ, शेरा. बडोद्याच्या मेमध्ये ॲसिड जानेवारीच्या दुप्पट वेगानं खातं, हे आम्ही इतकी वर्षं नुसत्या अंदाजानं सांभाळत होतो. प्लेटला ते 'बॅच' म्हणतात आणि आता आम्हीही म्हणतो.

आठवड्यातून दोनदा ते येतात. पीस त्यांच्याच हातात असतं, आम्हाला देत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात मी बसची प्लेट पुन्हा काढली, तीच परीक्षेतली, या वेळी मोठी. काचेवरचे डाग रेघेनं जमत नव्हते, त्यासाठी राळेची भुकटी टाकून करडा पोत आणावा लागला. लॉगबुकात बाबांच्या अक्षरात नोंद आहे: 'बॅच 41. बस. तापमान 39. सात मिनिटांना काढली. खिडकी क्र. 3 चा माणूस जास्त काळा झाला. तो मी नाही. मी पाचव्या खिडकीत बसायचो.'